अस्तराआधीचं काम

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरातला दगड हातात घेतला तर तो लाल असेलच असं नाही. चांगल्या प्रतीचं हेमाटाइट पोलादासारखं करडं असतं, कधी काळपट, आणि आकाराच्या मानाने चांगलंच जड. पण हाच दगड खरखरीत फरशीवर ओढला की रेघ उमटते ती लाल. दगड कसाही दिसो, त्याची पूड लालच. ही पूड म्हणजे लोहाचा ऑक्साइड, आणि तोच तेला-राळेत कालवून ‘रेड ऑक्साइड’ नावाने डब्यात भरलेला हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. हल्ली डब्यातला बराचसा ऑक्साइड कारखान्यात बनवलेला असतो, पण रसायन तेच. एटापल्ली तालुक्यात एखाद्या बाथरूमच्या लोखंडी चौकटीला पहिला हात बसतो तो असा डोंगराच्याच रंगाचा.

डोंगराची गोष्ट आता महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००७ साली खाणीचा पट्टा दिला गेला. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी खाणीवरच्या गाड्या जाळल्या. काम थांबलं. २०२१ पासून ते पुन्हा आणि पूर्वीपेक्षा मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. डोंगरावर ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची यात्रा भरते, पंचक्रोशीतले माडिया गोंड तिथे जमतात. देवाचा डोंगर आणि खाणीचा डोंगर एकच असल्याने उठलेला वाद अजून मिटलेला नाही. त्या वादावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि लिहिलं जाईल. मला इथे त्याच मुलखातल्या चार फूट बाय चार फुटांच्या खोलीबद्दल लिहायचं आहे, जिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. बाथरूमची भिंत, तिच्यावरचा रंग, आणि तो रंग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरून का गळतो, एवढाच विषय.

गेल्या दहा-बारा वर्षांत या भागात सिमेंटच्या बंद खोल्या जितक्या उभ्या राहिल्या तितक्या आधीच्या कित्येक दशकांत राहिल्या नसतील. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं आणि घरटी शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळू लागले. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुलं आली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार असा हिशेब. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन आली. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींना तिच्यातून घरासाठी २ लाख मिळतात. शिवाय आश्रमशाळा, पोलीस ठाणी, आरोग्य उपकेंद्रं, खाणीवर राहणाऱ्यांच्या चाळी. प्रत्येक ठिकाणी न्हाणी आहे, संडास आहे, आणि उद्घाटनाच्या दिवशी त्यावर रंग आहे.

भिंतीही बहुतांशी चंद्रपूर-गडचिरोलीच्याच. सिमेंटसाठी कोरपना-गडचांदूरचा चुनखडीचा पट्टा आहे, विटा पुष्कळदा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या. वाळू जवळच्या नदीची. रंगाचा डबा तेवढा बाहेरगावचा.

आधीची न्हाणी आठवून पाहावी. घराच्या मागे बांबूचा ताटवा, पायाखाली एक सपाट दगड, पाणी वाहून जातं ते परसातल्या भाज्यांकडे. वर छप्पर नाही. बाई सकाळी न्हाऊन गेली की दोन तासांत ऊन तो दगड कोरडा करतं. त्या न्हाणीला रंग लागत नव्हता आणि बुरशीही धरत नव्हती. तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. आडोसा अपुरा होता, पावसाळ्यात हाल होते, पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या कुर्माघरात राहणाऱ्या बायकांना तर तोही आडोसा नसे. बंद खोली हवीच होती आणि मागणाऱ्यांत बायका पुढे होत्या. पण बंद खोली बांधताना ऊन बाहेर राहिलं, याचा विचार आराखडा काढणाऱ्याने केला नाही. ऊन जे काम फुकटात करत होतं ते आता भिंतीच्या कातडीला करावं लागतं, आणि ती कातडी तयार करायला कोणाला वेळ नाही.

रंगकामाच्या धंद्यात ‘हात’ मोजतात. अस्तराचा एक हात, रंगाचे दोन हात. बिलात हेच येतं. हाताआधी काय करायचं ते बिलात एका ओळीत असतं, ‘पृष्ठभाग साफ करून’, आणि मापात नसतंच. भारतीय मानक ब्युरोचं आयएस २३९५ हे मानक दगडी-विटांच्या, काँक्रीटच्या आणि गिलाव्याच्या भिंती रंगवण्याबद्दलचं आहे. त्यात पृष्ठभागाच्या तयारीला जितकी जागा आहे तितकी जर अंदाजपत्रकात मिळाली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

सगळ्यात मोठी तयारी म्हणजे थांबणं. ताजा सिमेंटचा गिलावा जबर अल्कधर्मी असतो, पीएच १२ ते १३ च्या घरात. त्यावर ऑइल पेंट मारला की भिंतीतला अल्क आणि रंगातलं तेल यांची गाठ पडते आणि साबण बनतो. शब्दशः साबण, कारखान्यात याच रीतीने बनतो तो. रंग चिकट होतो, तपकिरी डाग पडतात, बोट लावलं की सुटून येतो. म्हणून निदान २८ दिवस गिलावा तसाच ठेवायचा, आणि दमट हवेत त्याहून जास्त. पण निधीला ३१ मार्चची घाई असते. फेब्रुवारीच्या अखेरीस गिलावा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रंग, शेवटच्या आठवड्यात फोटो. फोटोत भिंत छानच दिसते. जुलैत पर्लकोटा नदी फुगून भामरागडचा रस्ता बंद होतो त्या सुमारास या भिंतींचे पोपडे सुटू लागतात, आणि मग दोष रंगाच्या कंपनीला जातो.

गावोगावचा दुसरा मुहूर्त दिवाळीचा. दिवाळीआधी रंगरंगोटी ही आपली रीत, आणि घराच्या दर्शनी भिंतींना ती चालूनही जाते. बाथरूमला मात्र याहून वाईट वेळ नाही. गडचिरोलीत वर्षाला साधारण तेराशे ते पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो पिऊन भिंत ऑक्टोबरात तुडुंब असते. वरवर हात लावला तर कोरडी वाटते. हाताला कळत नाही ते प्लास्टिकला कळतं. दीड फुटाचा पारदर्शक तुकडा घ्यायचा, भिंतीवर चारही कडांना पक्की चिकटपट्टी लावून बसवायचा आणि एक दिवस एक रात्र हात लावायचा नाही. आतल्या बाजूला घाम आला, तर ओल भिंतीतून येते आहे. मग पुढचं काहीच करू नये. शेजारचा नळ, टाइल्सच्या सांध्यांतल्या फटी, भिंतीला खेटून खणलेला शोषखड्डा, यांपैकी कोण गळतं ते आधी शोधावं. ओल्या भिंतीवर मारलेला वॉटरप्रूफ रंग पाणी आत कोंडतो आणि मग एका अंगाने फुगून बाहेर येतो.

घाम आला नाही तरी भिंतीकडे एकदा तिरप्या उजेडात पाहावं. पांढरी कापसासारखी लव दिसली तर तो लोणा. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर वर आले आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहिले. राखेच्या किंवा कमी भाजलेल्या विटांत हे जास्त दिसतं. सोडियम सल्फेट पाणी शोषून स्फटिक बनतो तेव्हा त्याचं आकारमान जवळपास चौपट होतं, आणि हा वाढलेला स्फटिक रंग सोडाच, गिलावाही उचकटून काढतो. माणूस इथे बादलीभर पाणी ओतून भिंत धुतो. तेच चुकतं. क्षार विरघळतो आणि पुन्हा आत जाऊन बसतो. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने झाडायचा, पूड भिंतीच्या पायाशी न ठेवता गोळा करून बाहेर टाकायची, आठवडा-दोन आठवडे वाट पाहायची आणि पुन्हा आला तर पुन्हा झाडायचा. तिसऱ्या खेपेला येईनासा झाला तर समजावं की पाण्याची वाट बंद झाली.

हिरवं-काळं दिसलं तर शेवाळ आणि बुरशी. त्यांच्यावरून रंग मारला की महिन्याभरात त्या रंगावर बाहेर येतात, कारण रंगातली काही द्रव्यं त्यांना खायला मिळतात. औषध लांब शोधायला नको. प्रत्येक ग्रामपंचायतीत विहिरीत टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. ती ताजी असावी. पिशवी उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मागे उरतो नुसता चुना. लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे पावडर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरची निवळी तेवढी भिंतीला लावायची. गाळासकट फासली तर तो गाळच पांढऱ्या भुकटीच्या रूपाने भिंतीवर वाळतो आणि रंगाला धरू देत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी घासायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं. आणि हे काम चालू असताना संडास धुवायचं ॲसिड जवळपासही नसावं. पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि एवढ्याशा खोलीत तो जिवावर बेततो. एका हाताने पावडर आणि दुसऱ्याने ॲसिडची बाटली वापरणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

एक डाग मात्र टीसीएलला दाद देत नाही, उलट गडद होतो. हातपंपाच्या पाण्यात लोह असलं की पाणी उपसताना निर्मळ दिसतं आणि तासाभरात तांबूस होतं. विरघळलेल्या लोहाला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि त्याचा गंज होतो. बादलीच्या कडेला, नळाखाली, भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर तो ओघळत राहतो. ब्लीचिंग स्वतःच ऑक्सिडीकरण करणारं, त्यामुळे ते या डागाला बळच देतं. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण लागतं, हातमोजे घालून, आणि मागाहून भरपूर पाणी. डाग तसाच ठेवून वरून पाण्याचा रंग मारला तर दोन हात असोत वा चार, तांबूस छाया वर येतेच. खाणीच्या रस्त्यालगतच्या गावांत यात लाल धुळीची भर पडते. आष्टी-आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर खनिजाच्या गाड्यांची धूळ पिकांवर आणि घरांवर बसते, ही त्या लोकांची जुनी तक्रार आहे. झरोक्यातून ती बाथरूममध्ये येते, भिंतीच्या वरच्या भागात दमट पृष्ठभागावर बारीक पावडर होऊन बसते. सकाळी घासलेली भिंत संध्याकाळी रंगवायला घेतली, तर मध्ये ओल्या फडक्याचा एक हात फिरवायलाच हवा. रंग भिंतीला चिकटतो की धुळीला, हे त्या फडक्यावर ठरतं.

साबणाच्या थराबद्दल थोडक्यात. जड पाण्यातला चुना आणि साबण मिळून न विरघळणारा राखाडी चिकटा होतो. तो नुसत्या पाण्याने जात नाही, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा लावून घासावा लागतो. अंघोळीच्या उंचीपर्यंत हा थर असतो आणि नेमका तिथेच रंग आधी सुटतो.

जुना रंग असेल तर निराळा प्रश्न. तळवा भिंतीवरून फिरवावा. हाताला पांढरी पूड लागली तर खाली चुना किंवा स्वस्तातला डिस्टेंपर आहे. त्याच्यावर काहीही टिकत नाही, कारण तो स्वतःच भिंतीला धरून नाही. पत्ती घेऊन तो खरवडायलाच हवा, ओला करून खरवडला तर धूळ कमी उडते. ऑइल पेंट असेल आणि जागोजागी घट्ट असेल तर सुटे पोपडे काढून उरलेल्याची चकाकी काचकागदाने मारायची, ऐंशी नंबरने सुरुवात आणि मग एकशेवीस. इथे एक सावधगिरी. भारतात घरगुती रंगांतलं शिसं दर दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-लाल-हिरव्या छटांत, शिसं असू शकतं. जुन्या शासकीय इमारतीतला असा रंग कोरडा घासला की ते शिसं हवेत जातं. काचकागद पाण्यात बुडवून घासावा, तोंडाला फडकं बांधावं, आणि आश्रमशाळेत हे काम मुलं घरी गेली असतानाच करावं.

आता खड्डे आणि भेगा. जुने पेंटर खडू आणि अळशीचं तेल मळून लांबी भरत, आणि लाकडाला ती अजूनही उत्तम. बाथरूमच्या भिंतीला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी हवी. पीओपीचा मोह टाळावा. ते वाळलं की जिप्सम होतं, आणि जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, म्हणजे अंघोळीच्या खोलीत ते दररोज थोडं नाहीसं होत राहतं. हॉलच्या भिंतीला वापरलेली उरलेली पिशवी बाथरूममध्ये संपवायची पद्धत सर्रास आहे, आणि पुट्टी फुगून पापड होण्याचं निम्मं कारण तेच. सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत किंचित ओली करावी लागते. कोरडा गिलावा पुट्टीतलं पाणी ओढून घेतो आणि ती मुरण्याआधीच भुसभुशीत होते. भिंत वाळवा, वाळवा म्हणून एवढं सांगितल्यावर हे विरोधाभासी वाटेल. पण आतून येणारी ओल आणि वरून मारलेला शिपका यांत फरक आहे, आणि कुडाची भिंत लिंपणाऱ्या कोणत्याही बाईला तो समजावून सांगावा लागत नाही. ती आधी सुटं काढते, मग पाणी शिंपडते, मग शेणमातीचा हात देते, आणि तो सुकल्यावर पांढऱ्या मातीचा. पृष्ठभागाची तयारी या मुलखाला नवी नाही. नवीन आहे ती सिमेंटची भिंत. तिचा हिशेब कोणी त्या बाईला सांगितला नाही आणि तिचा अनुभव कोणी ठेकेदाराला विचारला नाही.

दार हे खास प्रकरण आहे. योजनेतल्या शौचालयांना पुष्कळ ठिकाणी पत्र्याचं दार असतं, आणि पत्रा म्हणजे जस्त चढवलेला. त्यावर रेड ऑक्साइड मारला की लोखंडाचं काम झालं असं समजतात. लोखंडी चौकटीवर ते खरंच आहे, गंज तारेच्या ब्रशने चमक दिसेपर्यंत काढला असेल तर. नव्या जस्ती पत्र्यावर मात्र तेलाच्या प्रायमरचंही तेच होतं जे ताज्या गिलाव्यावर होतं. जस्त आणि तेल मिळून साबण होतो आणि वर्ष-दीड वर्षात रंगाची सालं निघतात. पत्रा काही महिने ऊन-पावसात मुरू द्यावा, किंवा जस्तासाठीचा वेगळा प्रायमर आणावा. तो एटापल्लीत मागून मिळेलच असं नाही. तेव्हा मुरू देणं परवडतं. लाल प्रायमर गंजाला थोपवतो हाही थोडा गैरसमजच आहे. तो रंगाला धरायला जागा देतो आणि ओलीला अडवतो, एवढंच. गंजाशी खरंखुरं रासायनिक भांडण करणारा जुना प्रायमर शिशाच्या ऑक्साइडचा होता, म्हणजे देवाला लावतात त्या शेंदराचा. शिशामुळे तो घराबाहेर गेला, आणि ते चांगलंच झालं.

एवढं सगळं करूनही काही भिंती वाळणारच नाहीत. शंभर मुलं सकाळी एकापाठोपाठ एक अंघोळ करतात तिथे, किंवा अलीकडे जुन्या कुर्माघरांच्या जागी बांधलेल्या पक्क्या खोल्यांच्या न्हाणीत, भिंतीला कोरडं व्हायला उसंतच मिळत नाही. अशा ठिकाणी माझं मत चुन्याच्या बाजूने आहे. चुना गरिबांचा म्हणून आपण टाकला. पण तो भिंतीला श्वास घेऊ देतो, स्वतः अल्कधर्मी असल्याने बुरशीला पोसत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि ओलसर भिंत त्याला खपते. वर्षाला एक हात लागतो, तो गावातलं कोणीही मारू शकतं. पाणी थेट उडतं त्या चार-पाच फुटांपर्यंत टाइल्स, आणि वर चुना. ‘प्रीमियम इमल्शन’ लिहिलेल्या अंदाजपत्रकापेक्षा हे स्वस्त पडेल आणि जास्त टिकेल. त्याचा फोटो तितकासा चमकदार येणार नाही.

आणि जिथे ऑइल किंवा ॲक्रिलिक मारायचंच आहे तिथे वेळापत्रक उलटं करावं. मे महिन्यात भिंत कडक वाळलेली असते, पण तेव्हा धुवायला पाणी नसतं. म्हणून घासणं, धुणं, शेवाळ मारणं हे जानेवारी-फेब्रुवारीत, ठाकूरदेवाच्या यात्रेनंतर नाल्यांना पाणी असतं तेव्हा. मग मार्च-एप्रिल भिंत मोकळी सोडायची. या दिवसांत प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा दोनदा घ्यायची. पुट्टी, काचकागद, अस्तर एप्रिलअखेर, रंगाचे दोन हात मेमध्ये, सकाळी लवकर. यात काम दोन आर्थिक वर्षांत विभागलं जातं, ही अडचण खरी आहे. ती भिंतीची नाही.

रंग झाल्यावर दोन-तीन दिवस बाथरूम वापरू नये, डब्यावर लिहिलं असेल तर त्याहून जास्त. घरात एकच बाथरूम असलेल्यांना हे सांगणं सोपं नाही, म्हणून शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवावं. आणि झरोक्याकडे लक्ष द्यावं. पेंटर उत्साहाने जाळीवरही ब्रश फिरवतो, भोकं बुजतात, आणि आत कोंडलेली वाफ नव्या रंगावर बसते. काही खोल्यांना झरोका नसतोच, आराखड्यात दाखवलेला असतो आणि बांधताना राहून जातो. तिथे पुट्टीची पिशवी उघडण्याआधी छिन्नी-हातोडा घेऊन वरच्या कोपऱ्यातल्या दोन विटा काढाव्यात.